कर्करोगावरील औषधे आणि पुरुषाची प्रजननक्षमता
मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा कर्करोगावर शस्त्रक्रिया व किरणोपचार हेच मुख्य उपाय होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत येल येथे युद्धवायूच्या कुळातील नायट्रोजन मस्टर्ड प्रथम रुग्णास टोचण्यात आले. वेगाने विभागणाऱ्या पेशी मारणे हे अशा औषधांचे कार्य. शुक्रजनक पेशीही त्याच वर्गातील होत. तथापि रोगी जगणे हीच मोठी गोष्ट असल्याने त्याच्या अपत्याचा प्रश्न मागे पडला. सायक्लोफॉस्फामाइडमुळे वंध्यत्व व वृषणक्षय होतो, हे १९७२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नमूद झाले.

हॉजकिनच्या रोगावरील 'मॉप' योजनेत मस्टर्ड व प्रोकार्बाझीन एकत्र येत. त्यांची हानी बहुधा कायमची ठरे. १९७५ साली मिलानच्या बोनादोन्ना यांनी प्रसिद्ध केलेल्या 'एबीव्हीडी' योजनेत ही दोन्ही द्रव्ये नाहीत. तिच्यानंतर शुक्रनिर्मिती बहुधा पूर्ववत होते. अर्थात औषधांच्या जोडणीवर पितृत्व अवलंबून असते.

गोठविलेल्या वीर्यापासून गर्भधारणा १९५३ मध्येच सिद्ध झाली होती. म्हणून मुळशीसारख्या डोंगरी तालुक्यातून पुण्या-मुंबईस उपचारार्थ जाणाऱ्या तरुणास हा मार्ग पहिल्या मात्रेपूर्वीच सांगणे अगत्याचे आहे. उपचार सुरू झाल्यावर साठविलेले वीर्य विश्वसनीय राहत नाही.