बुटांच्या लेस काढा!

चला, रांगेत उभे राहा. वय काहीही असो, आज तुमची शाळेची सहल आहे. मेलबर्नच्या रसेल स्ट्रीटवर, जुन्या तुरुंगाच्या शेजारी उभं असलेलं हे सिटी वॉच हाउस. 1909 पासून 1994 पर्यंत चालू असलेलं पोलिसांचं लॉकअप. डब्यात काय आणलंय यावरून मुलांची खुसखुस चालली आहे, तेवढ्यात दार धाडकन उघडतं.

“हसतंय कोण? पाठ भिंतीला! नजर समोर!”

सार्जंटच्या गणवेशातला माणूस नाटक करतोय, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी हसू घशातच अडकतं. मुलगे एका कोठडीत, मुली दुसऱ्या. दार बंद होतं, दिवा विझतो. मिट्ट काळोख. डोळे उघडे ठेवा की मिटा, सारखंच.

मग मिटाच. आणि या असेच शंभर वर्षं मागे.

पहिल्यांदा नाकाला कळतं. फिनेल, शिळी बिअर, भिजलेल्या लोकरी कोटांचा कुबट वास. जुलै आहे, म्हणजे इथला ऐन हिवाळा. फरशीचा गारठा तळव्यांतून पोटऱ्यांत चढतोय. संध्याकाळचे साडेसहा, इथली भर गर्दीची वेळ! कायद्याने पब सहाला बंद होतात. कामावरून सुटलेली माणसं त्याआधीच्या तासाभरात जमेल तेवढी बिअर घशात ओततात आणि सहानंतर लटपटत रस्त्यावर येतात. पोलिस त्यांना दंडाला धरून इथे आणतात.

आली तुमची पाळी. पुढ्यात जाडजूड वही, शाईची दौत, टाकाची करकर. नाव? काम काय करतोस? राहतोस कुठे? मग झडती. सुटी नाणी, तंबाखूची डबी, खिशातला चाकू. मग गॅलिस. मग बुटांच्या लेस. रात्रीतून कुणी जिवाचं बरंवाईट करू नये, म्हणून.

आता चालून दाखवा. एका हाताने पँट धरायची, सैल बूट फरफटत न्यायचे. दहा पावलांत अंगातला सगळा तोरा उतरतो. त्यासाठी कुणाला हातही उगारावा लागत नाही.

कोठडीत आधीच सातआठ जण आहेत. त्यांच्या अंगाची ऊब आधी बरी वाटते, मग गुदमरायला होतं. एक जण भसाड्या आवाजात गातोय, दुसरा ओकतोय, तिसरा दोघांना शिव्या घालतोय. भिंतीपलीकडे कुणी बाई मुसमुसतेय. शहराचा नामचीन गुंड स्क्विझी टेलरही याच लॉकअपची हवा खाऊन गेलाय. पण कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या त्या पोराकडे बघा. त्याने ना चोरी केली, ना दारूला हात लावला. राहायला घर नाही आणि पोटापाण्याचं साधन दाखवता येत नाही, एवढाही गुन्हा इथे पुरतो.

तुम्हीही अजून गुन्हेगार ठरलेला नाहीत. ते ठरेल सकाळी, शेजारच्या कोर्टात, मॅजिस्ट्रेटसमोर. तुरुंगातल्या माणसाला दिवस तरी मोजता येतात. इथे मोजायला काहीच नाही. घरी ताट वाढून कुणी वाट बघत असेल, त्यांना कोण सांगणार? किल्ल्या वाजतात. कान टवकारता. आवाज जवळ येतोय... नाही, लांब गेला.

खट्.

दिवा लागतो. समोर गणवेशातला नट हसतमुखाने उभा. मुलं डोळे चोळत बाहेर पडतात, एकमेकांना न ढकलता. मघाशी सगळ्यात मोठ्याने हसणारा मुलगा दाराबाहेर थांबतो, खाली वाकतो आणि बुटाची लेस सोडून पुन्हा घट्ट बांधतो. दुहेरी गाठ मारतो.

तुमचाही हात नकळत बुटाकडे गेलेला असतो.