लघुलेखिकेचे वेतन आणि संघटनेचा करार

ग्वाल्हेरच्या मराठी समाजाचा इतिहास लिहावयाचा झाला की लेखणी आपसूक किल्ल्याकडे, शिंद्यांच्या दरबाराकडे आणि सरदारांच्या वाड्यांकडे वळते. दरबार संपल्यावर या शहरात कचेऱ्या उरल्या, याची दखल आम्ही क्वचितच घेतो. १९५६ मध्ये नवा मध्य प्रदेश घडला, राजधानी भोपाळला गेली. परंतु महालेखाकारांचे कार्यालय, महसूल मंडळ, परिवहन आयुक्तालय ही ग्वाल्हेरच्या वाट्यास आली. लष्करातील पांढरपेशा मराठी घरांना आधार मिळाला तो या कचेऱ्यांचा, आणि पुढे याच घरांतील लेकीसुनाही तेथे टेबलाशी बसू लागल्या. कचेरीत काम करणाऱ्या स्त्रीच्या न्यायाचा प्रश्न म्हणूनच आम्हांस परका वाटू नये, जरी त्याचा सर्वांत बोलका दाखला मुंबईचा आहे.

सरकारी कचेरीत वेतनश्रेणी छापील असते. पुरुषाला एक आणि स्त्रीला दुसरी, असे तेथे उघडपणे करता येत नाही. (अन्याय तेथेही होताच. परराष्ट्र सेवेतील स्त्रीने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, हा नियम १९७९ मध्ये सी. बी. मुथम्मा यांच्या खटल्यापर्यंत चर्चेत होता.) खासगी पेढ्यांत मात्र पगार करारावर ठरे, आणि करार कोण कोणासाठी करतो यावर सारे अवलंबून असे.

मॅकिनन मॅकेन्झी ही जहाज-व्यवसायातील जुनी ब्रिटिश पेढी. तेथे दोन प्रकारचे लघुलेखक होते. पुरुष सर्वसाधारण विभागात काम करीत. स्त्रिया वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘गोपनीय लघुलेखिका’ म्हणून नेमल्या जात. नाव भारदस्त, पगार कमी. १९७५ मध्ये व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात वेतनाचा करार झाला, आणि त्यातही हा फरक राहिला. आमच्या मते या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. मालकाने कमी दिले, यात नवल नाही; पण ज्या संघटनेने सर्वांच्या वतीने बोलावयाचे तिच्याच सहीच्या कागदावर स्त्रियांचे कमी वेतन नोंदले गेले. संघटित होणे आणि संघटनेत मोजले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

त्याच वर्षी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, समान वेतनाचा अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. समान कामास समान मोल देण्याचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५१ चा ठराव भारताने १९५८ मध्येच मान्य केला होता. कायदा व्हावयास आणखी सतरा-अठरा वर्षे लागली. जून १९७७ मध्ये ऑड्रे डिकॉस्टा या लघुलेखिकेची नोकरी संपुष्टात आली, आणि त्यांनी या कायद्यान्वये दाद मागितली. पहिल्या अधिकाऱ्याने काम सारखेच असल्याचे मान्य केले, पण कराराकडे बोट दाखवून तक्रार फेटाळली. अपिलात १९८२ मध्ये निकाल फिरला: २६ ऑक्टोबर १९७५ ते ३० जून १९७७ या काळातील फरकाचे ७,१९६ रुपये ६७ पैसे द्यावेत, असा आदेश झाला. एवढ्या रकमेसाठी कंपनी उच्च न्यायालयात गेली, तेथे हरली, आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेली. रकमेचा आकडा पाहता हा हट्ट पैशाचा नव्हता, हे उघड आहे.

२६ मार्च १९८७ रोजी न्या. वेंकटरामय्या आणि न्या. दत्त यांच्या पीठाने कंपनीची मागणी फेटाळली. गोपनीय कामावर पुरुष नेमलाच नाही, म्हणून तुलनाही नको, हा बचाव टिकला नाही. काम एकसारखे किंवा तशाच स्वरूपाचे आहे की नाही हे प्रत्यक्ष कामावरून पाहावे, किरकोळ भेदांवरून नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. आर्थिक अडचणीची सबब चालली नाही. आणि करार? कायद्याविरुद्ध जाणारा करार कायद्यापुढे टिकत नाही, मग त्यावर संघटनेची सही असो वा नसो.

संघटनेचा पक्षही येथे नोंदविणे न्यायाचे होईल. मुंबईच्याच औषध व्यवसायातील एका कंपनीत विवाह होताच स्त्री कामगाराची नोकरी जाई. तो नियम १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून रद्द करवून घेतला तो बॉम्बे लेबर युनियनने. तेथे संघटना स्त्रियांच्या बाजूने उभी होती, आणि एकट्या स्त्रीला कज्जाचा भार वाहावा लागला नाही. डिकॉस्टांना मात्र तो दहा वर्षे वाहावा लागला.

पुढे १९९७ च्या विशाखा निकालाने आणि २०१३ च्या कायद्याने प्रश्न पगारापलीकडे, कचेरीतील वागणुकीपर्यंत पोहोचला. दहा वा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती बंधनकारक झाली, आणि तिची अध्यक्ष स्त्रीच असावी असे ठरले. १९७६ च्या कायद्यातील समान वेतनाचे तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत सामावले गेले. तिच्यात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ अशी तुलना न ठेवता लिंगाच्या कारणावरून भेद करू नये, असे शब्द आले आहेत. ‘तशाच स्वरूपाचे काम’ ही डिकॉस्टांना उपयोगी पडलेली कसोटी मात्र कायम आहे.