नेवाशाची पोथी आणि आजचे दप्तर

इतिहासाचे साधन म्हटले की पिवळे पडलेले कागद डोळ्यांपुढे उभे राहतात. आजचा कारभार मात्र कागदावर कमी आणि संगणकात अधिक. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आम्हां मास्तरांच्या हजेरीपटावरची नावेही संगणकात जाऊन बसली. हे दप्तर दोनशे वर्षांनी उघडायचे कसे? प्रश्न नवा वाटतो खरा. पण आमच्या नगर जिल्ह्याने, म्हणजे आताच्या अहिल्यानगरने, तो फार पूर्वीच पाहिला आहे.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये प्रवरेकाठच्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती मूळ पोथी आज कोठेच नाही. ग्रंथ तरला तो नकलांवर. पण नकला करणारी माणसेच. कोणी शब्द गाळला, कोणी समजला नाही म्हणून बदलला. अखेर शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ साली, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. यात कोणी पदरची भर घालील, तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, अशी ताकीदही देऊन ठेवली. नक्कल करा, ताडून पाहा, भेसळ करू नका: दप्तर राखण्याची तीन कलमे नाथांनी चारशे वर्षांपूर्वीच घालून दिली.

चौथे कलम मोडीने शिकविले. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात, जे १९६० साली स्थापन झाले, मोडी कागदांचा मोठा साठा आहे. कागद शाबूत, शाई शाबूत. पण वाचणारा किती जणांत एक? २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरे आणि महसुलाची दप्तरे बाहेर निघाली, आणि मोडी जाणणाऱ्यांचा जिकडेतिकडे शोध सुरू झाला. कुटुंबाचे भवितव्य एका ओळीत अडकलेले, आणि ती ओळ वाचता येईना! लिपी गेली की कागद मुका होतो.

संगणकातही मोडी आहे, वाचकहो. वीस वर्षांपूर्वी एका छापखान्याने माझी कादंबरी त्या काळच्या फाँटमध्ये जुळविली होती. पुढे ती तबकडी उघडली, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता चिवडा! मजकूर होता, पण तो दाखविणारा फाँट नव्हता. सर्व यंत्रांना समजेल असे युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे कितीतरी मराठी लेखन असेच मुके पडले आहे.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. इंग्लंडात १०८६ साली झालेल्या जमीनमोजणीची डूम्सडे नावाची वही आजही वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने तशीच नवी माहिती लेझर तबकड्यांवर भरली. पंधरासोळा वर्षांतच त्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि माहिती सोडविण्यासाठी तज्ज्ञांना मोठी खटपट करावी लागली. कागद हळूहळू जीर्ण होतो, आगाऊ सूचना देतो. तबकडी मात्र एके दिवशी अचानक मौन धरते.

आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने याची दखल घेतली आहे. नोंद पुढे पाहता आली पाहिजे, मूळ रूपाशी प्रामाणिक राहिली पाहिजे, ती कोठून आली, कोठे गेली आणि केव्हा, हेही कळले पाहिजे, असे तो सांगतो. उपायही साधे आहेत. एकाच ठिकाणी विसंबू नये. दोनतीन प्रती वेगवेगळ्या जागी असाव्यात. यंत्र बदलण्याआधी मजकूर नव्या रूपात उतरवावा. प्रत्येक फाईलचा गणिताने एक आकडा काढता येतो. एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. नाथांची करवंटी अशी पकडता येते! मात्र हे पाहणारा जबाबदार माणूस कचेरीत नेमलेला हवा. नाही तर नक्कल कोणी करायची, यावरच पिढी सरते.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतात. आता संगणकालाही हळदकुंकू लागते. लागू द्या. पण त्याच संध्याकाळी घरातील सातबारा, जन्मदाखले, आजोबांची पत्रे यांची एक जादा प्रत करून दुसऱ्या घरी ठेवा, आणि गेल्या वर्षीची प्रत उघडते की नाही हेही पाहा. नेवाशाची पोथी हरवली, तरी ज्ञानेश्वरी राहिली. कारण कोणीतरी वेळेवर नक्कल केली होती.