महाडचा लाल विंचू : एका उपचाराचा इतिहास

१/
कोकणातील कौलारू घरात विंचू निघणे ही पूर्वी नवलाची गोष्ट नव्हती. सरपणाच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात, जांभ्या दगडाच्या फटीत किंवा दाराबाहेर काढलेल्या वहाणेत तो दडून बसे. दिसला की ठेचला जाई. पण ठेचण्याआधीच तो चावला, तर काय करावे? या प्रश्नावर १९८० च्या दशकापर्यंत डॉक्टरांमध्येही एकमत नव्हते. ते उत्तर कसे सापडले, त्याचा हा इतिहास.

२/
प्रथम विंचवांची ओळख. महाराष्ट्रात लोक ज्याला अधिक भितात तो मोठा, काळा, जाड नांग्यांचा विंचू म्हणजे इंगळी. तिच्या दंशाने माणूस वेदनेने तळमळतो, पण सहसा दगावत नाही. खरा घातक विंचू आकाराने लहान, तांबूस रंगाचा आणि बारीक नांग्यांचा असतो. हाच लाल विंचू. दिसण्यात किरकोळ असल्याने त्याच्याकडे दुर्लक्ष होई.

३/
विंचू चावला की मांत्रिकाकडे धाव घेण्याची रीत गावोगाव होती. मांत्रिक विष 'उतरवी' आणि बहुतेक रोगी बरेही होत. याचे कारण मंत्रात नव्हते. इंगळीच्या दंशाची वेदना काही तासांनी आपोआपच ओसरते, आणि लाल विंचवाचा प्रत्येक दंशही पुरेसे विष सोडणारा नसतो. बरे झालेले रोगी मांत्रिकाची कीर्ती वाढवीत. जे दगावत, त्यांचा दोष नशिबाकडे जाई. मधले मोलाचे तास मात्र वाया जात.

४/
लाल विंचवाचे विष शरीरात नेमके काय करते? ते मज्जातंतूंतील सोडियमची सूक्ष्म द्वारे उघडी ठेवते आणि स्वायत्त चेतासंस्थेत वादळ उठते. आधी उलट्या, भरपूर घाम आणि तोंडाला लाळ. त्यानंतर रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय थंड पडतात, रक्तदाब भडकतो. हृदयावर असह्य ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते. रोग्याला धाप लागते आणि तोंडातून गुलाबी फेस येतो.

५/
इथवर पोहोचलेल्या रोग्याला वाचवणे अवघड होते. अ‍ॅट्रोपिन, स्टिरॉइड, गुंगीच्या औषधांचे मिश्रण असे नाना उपाय केले जात. त्यांतील काही निरुपयोगी होते, तर अ‍ॅट्रोपिनसारखे काही हृदयाची धडधड वाढवून उलट अपायच करीत. पश्चिम भारतात १९६१ ते १९८३ या काळात फुप्फुसांत पाणी भरलेल्या अशा रोग्यांपैकी सुमारे २५ ते ३० टक्के मृत्यू पावत. त्यांत लहान मुले पुष्कळ असत.

६/
१९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचे नाव हिंमतराव बावस्कर. आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या गरीब घरात जन्मलेले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. पाठ्यपुस्तकांत विंचूदंशावर जेमतेम काही ओळी होत्या. केंद्रात मात्र विंचू चावलेले रोगी एकामागून एक येत होते.

७/
डॉ. बावस्करांनी प्रयोगशाळेची वाट पाहिली नाही. ते रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि श्वास यांत तासातासाला होणारा बदल टिपू लागले. हळूहळू क्रम स्पष्ट झाला. नुसती वेदना असलेला रोगी बहुधा वाचतो. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो आणि ज्याचे हातपाय गार पडतात, त्याचे हृदय धोक्यात असते. धोक्याच्या या पूर्वखुणांवरील त्यांचा लेख १९८२ साली 'द लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

८/
निदान झाले, पण उपाय? आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचा भार उतरेल, हा विचार पुढे आला. प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेवाटे देऊन पाहिले गेले. त्याचा गुण येई, परंतु ते देताना रक्तदाबावर क्षणोक्षणी नजर ठेवावी लागे. खेड्यातील केंद्रात ते कसे जमावे? म्हणून तोंडाने घेता येईल अशा औषधाचा शोध सुरू झाला.

९/
ते औषध आधीपासूनच दुकानात होते. प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावरची स्वस्त गोळी. विष ज्या मार्गाने रक्तवाहिन्या आवळते, नेमका तोच मार्ग ती अडवते. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला. प्राझोसिन वापरात आल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे एक टक्क्यावर उतरले.

१०/
गोळी सापडली तरी काम संपले नव्हते. रोगी वेळेत आला तरच तिचा उपयोग. मांत्रिकाच्या अंगणात रात्र गेली, तर सकाळी गोळी काय करणार? त्यामुळे आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना उपचार शिकवणे आणि लोकांना लवकर येण्यास सांगणे, हाही या लढ्याचाच भाग होता.

११/
पुढचा टप्पा प्रतिविषाचा. महाडमध्ये ७० रोग्यांवर झालेली चाचणी २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसह प्रतिविष दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी तेवढ्या वेळात ८ जण बरे झाले. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

१२/
या इतिहासाने घरात निघालेल्या विंचवाचे काय करावे, हेही शिकवले. हाताने पकडू नये. लांब चिमट्याने उचलावा, किंवा रुंद तोंडाची बरणी पालथी घालून खालून जाड पुठ्ठा सरकवावा आणि वस्तीपासून दूर सोडावा. रात्री अतिनील प्रकाशाच्या टॉर्चखाली विंचू हिरवट-निळा चमकतो, त्यामुळे शोधणे सोपे जाते. सरपण भिंतीपासून दूर रचावे आणि वहाणा झटकूनच पायात घालाव्यात.

१३/
चावलाच तर जखम कापू नये, करकचून बांधू नये, मंत्रतंत्रात वेळ घालवू नये. गोळी मनाने घेऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागते. रोग्याला शांत ठेवून तडक दवाखाना गाठावा. घाम आणि उलट्या सुरू झाल्या असतील, विशेषतः रोगी लहान मूल असेल, तर क्षणाचाही विलंब नको. विंचू तोच आहे आणि त्याचे विषही तेच आहे. बिरवाडीच्या त्या खाटांशेजारी जागून टिपलेल्या तासांमुळे आज त्या विषावर उतारा आहे.