बिल्ल्याची मागली बाजू

माझ्या संग्रहातला सर्वांत साधा बिल्ला पितळी आणि तिकोनी आहे. त्यावर 'ऑन वॉर सर्व्हिस' ही अक्षरे व १९१६ हे साल. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांसाठी तो निघाला. पुरुषांचे बिल्ले त्याआधीचे, आणि त्यांची गरजही निराळी. १९१४च्या ऑगस्टमध्ये फोकस्टनला अ‍ॅडमिरल फिट्झजेराल्ड यांनी बायकांना हाताशी धरून एक टूम काढली: गणवेशात नसलेल्या तरुणाच्या हाती भर रस्त्यात पांढरे पीस द्यायचे, म्हणजे त्याला भित्रा ठरवायचे. ही टूम लवकरच पसरली. कारखान्यातला कामगार तिला छातीवरच्या बिल्ल्याने उत्तर देई.

बायकांना पीस कोण देणार? त्यांची खूण तर कातडीवरच उमटे. टीएनटी हाताळून त्या पिवळ्या पडत. लोक त्यांना 'कॅनरी' म्हणत.

संग्राहक बहुधा पुढची झळाळी पाहतात. मी बिल्ला आधी उलटा करतो. मागे क्रमांक असतो, नाव नसते. १ जुलै १९१८ रोजी नॉटिंगहॅमशायरमधल्या चिलवेलच्या कारखान्यात स्फोट झाला. १३४ कामगार गेले; ओळख पटली अवघ्या ३२ जणांची. उरलेल्यांना जवळच्या अ‍ॅटनबरो गावच्या चर्चच्या आवारात एकत्रच पुरले.