जिना तोच, पडदा नवा

मुंबईत एक वेळ देवाशिवाय भागेल, पण थिएटराशिवाय पत्ता सांगता येत नाही. ‘मेट्रोला उतरा आणि डावीकडे वळा’, ‘रीगलच्या समोर उभा राहा’, ‘मिनर्व्हाच्या पलीकडची गल्ली’ अशा खुणांवर या शहरातले पाहुणे, पोस्टमन आणि वसुलीवाले आजवर जगत आले. थिएटर बंद पडतं, पत्ता पडत नाही. ऑपेरा हाऊसचंच बघा. या नावाच्या भागात मी लहानपणापासून वावरलो. तिथे हिऱ्यांचे सौदे बघितले, फुटपाथवर भेळ खाल्ली, पावसात गुडघाभर पाण्यातून चाललो; पण तिथे बसून ऑपेरा ऐकलेला माणूस मला उभ्या जन्मात भेटला नव्हता.

आता अशी ही पत्त्याची खूण म्हातारी झाली, गळायला लागली, की मार्ग दोनच उरतात. एक म्हणजे ती पाडायची आणि तिथे अमुक टॉवर, तमुक प्लाझा उभा करायचा. दुसरा म्हणजे ती दुरुस्त करायची. या दुसऱ्या मार्गाला हल्ली ‘वारसा-जतन’ असं भारदस्त नाव आहे. आमच्या घरी आजीचं पितळी तपेलं दिवाळीआधी कल्हई करून आणत, तेव्हा तेही एक प्रकारचं वारसा-जतनच होतं. फक्त त्या कल्हईवाल्याला समिती नेमून कोणी विचारलं नाही की, ‘बाबा रे, आजीच्या वेळचा पोचा ठेवणार आहेस की काढणार आहेस?’

थिएटराच्या बाबतीत हाच प्रश्न मुख्य असतो. पोचा ठेवायचा की काढायचा? आणि मुळात पोचा कोणता आणि तपेलं कोणतं, हे ठरवायचं कोणी?

थोडा इतिहास सांगतो. सिनेमा या देशात आला तो मुंबईत, आणि उतरला तो हॉटेलात. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. तिकीट एक रुपया. पुढे ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. आपल्या सिनेमाची ही बाळंतिणीची खोली. ती आज नाही. ती जपायला हवी होती हे लक्षात येईपर्यंत ती गेलीसुद्धा. जुन्या इमारतींना संरक्षण देणारी नियमावली मुंबईत आली १९९५ साली, आणि भारतात असं काही करणारं हे पहिलं शहर, हे मुंबईच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. तरी हरिश्चंद्राचा पहिला खेळ आणि ही नियमावली यांत ब्याऐंशी वर्षांचं अंतर पडलं. एवढ्या अवधीत खुद्द हरिश्चंद्रालाही राज्य परत मिळालं असतं.

ऑपेरा हाऊसची गोष्ट याहून मजेची. मॉरिस बँडमन नावाचा एक नाटकवाला आणि जहांगीर फ्रामजी कराका नावाचे एक कोळशाचे व्यापारी, या दोघांनी १९०८ साली हा घाट घातला. कोळसेवाल्याला ऑपेराचा नाद लागावा ही मुंबईतच घडणारी गोष्ट. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा हिंदुस्थानात आले, तेव्हा बांधकाम पुरतं झालेलं नसतानाच त्यांच्या हस्ते उद्घाटन उरकून घेण्यात आलं. अर्धवट कामाचं उद्घाटन करण्याची आपली परंपरा किती जुनी आहे, हे यावरून कळावं. पुढे तिथे परदेशी मंडळी गायली असतील ती असोत. पण बालगंधर्वही त्याच रंगभूमीवर गायले, आणि पृथ्वीराज कपूर आपल्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोग तिथे करत. प्रयोग संपला की ते दाराशी झोळी घेऊन उभे राहत, अशी आठवण जुनी माणसं अजून सांगतात.

तोवर सिनेमाने नाटकाला बोळात गाठलं होतं. १९३५ साली ऑपेरा हाऊसचं रीतसर चित्रपटगृह झालं. ते करताना बाजूच्या नक्षीदार बॉक्स गेल्या, बरंच काही बदललं, आणि गिरगाव, खेतवाडी, ठाकूरद्वार इथल्या चाळींना चालत जाण्याच्या अंतरावर एक राजवाडा मिळाला. आमचे मामा त्याच चाळींतले. ते पिटातले प्रेक्षक. म्हणजे पडद्याला नाक लागेल इतक्या पुढे, सर्वांत स्वस्त. ‘‘अरे, नायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं तर आम्ही पाय वर घ्यायचो,’’ असं ते सांगतात.

१९९३ साली ऑपेरा हाऊस बंद पडलं आणि तेवीस वर्षं बंद राहिलं. शनीने एका इमारतीला सलग तीन साडेसात्या लावल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. मालक गोंडलचं राजघराणं. त्यांनी आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंकडे काम सोपवलं, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दारं पुन्हा उघडली. पुढल्याच वर्षी युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

असलं काम कसं चालतं हे ऐकण्यासारखं आहे. आपण घराला रंग काढतो तेव्हा जुना रंग खरवडून टाकतो. इथे जुना रंग खरवडतात तो टाकण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी. कांद्याचे पापुद्रे काढावेत तसा एकेक थर काढायचा आणि पहिल्या दिवशी भिंत कोणत्या रंगाची होती ते शोधायचं. जुनी फोटोग्राफं भिंग लावून बघायची. चुन्याच्या बांधकामाला चुन्यानेच डागडुजी करायची, कारण वरून सिमेंटचा गिलावा चढवला की भिंतीतली ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजते. शिवाय एवढं सगळं जुनं करून त्यात वातानुकूलन, विजेच्या तारा, आग विझवायची सोय हे नवं बसवायचं, आणि ते दिसता कामा नये! सुनेने घरातलं सगळं करावं पण दिसू नये, अशी पूर्वीच्या सासवांची अपेक्षा असे, तोच न्याय.

ऑपेरा हाऊसमध्ये गेलेल्या बॉक्स पुन्हा उभ्या केल्या, घुमट उजळला, झुंबरं लखलखली. मी बघून आलो आणि खरं सांगतो, छाती दडपली. घरी येऊन मी मामांना वर्णन करून सांगितलं. सिनेमासाठी १९३५ मध्ये जे फेरफार झाले होते ते बाजूला करून वास्तू पुन्हा तिच्या पहिल्या रूपात आणली आहे, असं म्हणालो. मामांनी सुपारी कातरता कातरता हिशेब केला.

‘‘नाटकाची वर्षं किती झाली?’’

‘‘अकरा ते पस्तीस. चोवीस.’’

‘‘आणि सिनेमाची?’’

‘‘पस्तीस ते त्र्याण्णव. अठ्ठावन्न.’’

‘‘म्हणजे आम्ही पोचा होय रे?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वारसा जपताना भिंत जपायची हे सगळ्यांना मान्य असतं. पण भिंतीला वयं अनेक असतात, त्यांतलं कोणतं जपायचं? बादशहाने बघितलेलं की मामांनी बघितलेलं? चोवीस वर्षांनी अठ्ठावन्न वर्षांवर मात केली, कारण ती चोवीस दिसायला अधिक देखणी होती. लांबाबाईंनी केलं ते चूक असं मी म्हणणार नाही. त्या हात लावायला आल्या नसत्या तर ना चोवीस उरली असती ना अठ्ठावन्न. पण निवड झाली, आणि निवडीत पिट हरलं, एवढी नोंद कुठेतरी असावी.

इरॉसच्या बाबतीत नेमकं उलट झालं. त्यासाठी आधी तीसचं दशक समजून घ्यायला हवं. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर तेव्हा मुंबईने नव्या फॅशनच्या इमारती उठवल्या. गोल कोपरे, आडव्या पट्ट्या, बोटीसारखी डौलदार ठेवण. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. १९३३ मध्ये रीगल आलं. ते चार्ल्स स्टीव्हन्सने बांधलं, आणि त्याच्या वडिलांनी बांधलं होतं व्ही. टी. स्टेशन. बापाने गाडीला घर दिलं, मुलाने सिनेमाला. रीगलमध्ये थंडगार हवा होती. मामांना इंग्रजी संवाद कळत नसत, पण एअरकंडिशन कळायचं, आणि मे महिन्यात तेवढं पुरेसं असे. १९३८ मध्ये मेट्रो आलं आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत चर्चगेट स्टेशनासमोर सोराबजी भेदवारांनी उभारलेलं इरॉस आलं. आग्र्याचा तांबडा दगड आणि साईच्या रंगाच्या भिंती, आत काळापांढरा संगमरवर, चकाकत्या कठड्याचे जिने, आणि खुर्च्या बाराशे चार.

सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीचा रोग वेगळा. समुद्राची खारी हवा आत शिरते, लोखंडी सळ्या गंजतात, गंजून फुगतात आणि काँक्रीटला तडा देतात. पण खरा गंज लागला तो तिकीटखिडकीला. आधी टीव्ही आला, मग व्हिडिओ, मग मल्टिप्लेक्स. बाराशे खुर्च्यांत साठ माणसं बसली की ती सिनेमा बघायला आल्यासारखी न दिसता शोकसभेला आल्यासारखी दिसतात. २०१७ मध्ये इरॉस बंद झालं. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतालच्या चौऱ्याण्णव इमारती जागतिक वारशाच्या यादीत घातल्या, त्यांत इरॉसही होतं. म्हणजे जगाने हार घातला तेव्हा आत दिवा नव्हता.

२०२३ मध्ये परांच्या बांधल्या गेल्या आणि आतून हातोड्यांचे आवाज येऊ लागले, तेव्हा ‘इरॉस पाडतायत!’ अशी आवई उठली. पाडत नव्हते. कीर्तिदा उनवाला या जतनकर्त्या वास्तुविशारदांच्या देखरेखीखाली बाहेरची काया, दर्शनी दालन, जिने हे सगळं दुरुस्त होत होतं. नवं होत होतं ते फक्त आतलं प्रेक्षागृह. तिथे आयमॅक्सचा पडदा आला. हा पडदा भिंतीपासून भिंतीपर्यंत मागतो आणि खुर्च्या घाटाच्या पायऱ्यांसारख्या उंच चढत्या मागतो. जुन्या स्टॉल-बाल्कनीत तो बसणं शक्य नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये इरॉस उघडलं. साडेसाती एकच, आणि तीही पुरती नाही! खुर्च्या मात्र बाराशेच्या जागी तीनशेच्या आसपास.

मी मामांना घेऊन गेलो. वय वर्षं चौऱ्याऐंशी, गुडघे बंडखोर. दालनात शिरल्यावर ते तो चकचकीत कठडा धरून जिना चढू लागले. मी म्हटलं, ‘‘मामा, लिफ्ट बघू का? उगाच दमाल तुम्ही.’’

‘‘थांब रे. या जिन्याने मी पहिल्यांदाच चढतोय.’’

‘‘पहिल्यांदा? तुम्ही तर इथे पन्नास सिनेमे बघितलेत!’’

‘‘बघितले, पण खालून. हा जिना बाल्कनीवाल्यांचा. आमच्या तिकिटावर याच्याकडे फक्त बघायचं. डोअरकीपर दंडाला धरून खाली वळवायचा.’’

मी गप्प झालो. ज्या जिन्याच्या जतनाचं एवढं कौतुक चाललं होतं, तो जिना मामांच्या आठवणीत नव्हताच. त्यांच्या आठवणीत होती ती समोरची रांग, आणि ती तर गेली होती. पण गंमत अशी की, रांग गेली म्हणूनच त्यांना जिना मिळाला. आज सगळेच त्या जिन्याने चढतात. फक्त ‘सगळे’ म्हणजे कोण, हे तिकिटाचा दर ठरवतो; आणि हल्लीच्या कुठल्याही थिएटरात चार माणसांचं कुटुंब मध्यंतराच्या खाण्यासकट सिनेमा बघून आलं की महिनाअखेरपर्यंत घरात वरणभातावर एकमत असतं.

बाराशे खुर्च्या रिकाम्या ठेवून इरॉस जगलं नसतं, हे मला मान्य आहे. व्यवहार कळत नाही इतका मी साहित्यिक नाही. तीनशे खुर्च्यांचं जिवंत थिएटर हे बाराशे खुर्च्यांच्या कुलूपबंद थिएटरापेक्षा केव्हाही बरं. संगमरवर राहिला, दगड राहिला, पत्ता राहिला. पण चाळीतला माणूस आणि मलबार हिलवरचा माणूस एकाच अंधारात, एकाच विनोदाला, एकाच वेळी हसायचा, हेही त्या वास्तूचं एक अंग होतं. ते खरवडून कोणत्याही थरात सापडत नाही, आणि कोणत्याही यादीत त्याला श्रेणी नाही.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. जुन्या थिएटरांची दुरुस्ती करताना जिना ठेवता, झुंबर ठेवता, तशी आठवड्यातून एका सकाळची पहिली रांग पिटाच्या हिशेबाने स्वस्त ठेवा. एवढ्या मोठ्या पडद्यासमोर तिथे बसून मान दुखेल, हे कबूल. पण पिटातल्या माणसाची मान पहिल्यापासूनच दुखत आली आहे. त्याची तक्रार मानेबद्दल कधीच नव्हती.