कवटीबाहेरून बोटांपर्यंत

मानेत मज्जारज्जूला इजा झाली की हातपाय दोन्ही लुळे पडतात. अशा माणसाला आधी चालायचंच असणार, असं धडधाकट लोक धरून चालतात. अमेरिकेतल्या किम अँडरसन यांनी खुद्द रुग्णांनाच विचारलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, हातपाय लुळे पडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी हाताला पहिला क्रम दिला. घास तोंडात घालणं, बटण लावणं, दाराची कडी काढणं, सगळं बोटांवरच तर अडलेलं असतं.

या बोटांसाठी आज डोक्यावर चुंबकाची तारगुंडाळी धरतात. तिचं कूळ बर्लिनचं. १८७० साली फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला वीज लावली आणि शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायू हलले. चारच वर्षांनी सिनसिनाटीत डॉ. बार्थोलो यांनी मेरी रॅफर्टी नावाच्या रुग्णबाईच्या मेंदूत सुया घालून तेच केलं; व्रणाने तिची कवटी झिजून मेंदू उघडा पडला होता. तिला झटके आले आणि काही दिवसांत ती गेली. बार्थोलोंवर टीकेची झोड उठली, ती रास्तच होती. या विद्येचा इतिहास सांगताना मेरीचं नाव गाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

कवटी न उघडता मेंदूपर्यंत पोचायला पुढे शंभरेक वर्षं लागली. हाड विजेला अडवतं. १९८० साली इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी जोरदार झटका देऊन तो अडथळा पार केला, हाताचे स्नायू हललेही. पण टाळूला फार दुखे. चुंबकीय क्षेत्र मात्र हाडातून बिनअडथळा जातं, आणि ते झपाट्याने बदललं की वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवलं होतं. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये त्याच नियमावर यंत्र उभं केलं. डोक्यावर धरलेल्या तारगुंडाळीतून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडला की पलीकडच्या हाताची बोटं उडत, आणि दुखत नसे.

सुरुवातीला हे यंत्र तपासणीचं होतं. मेंदूतून निघालेला संदेश हाताच्या स्नायूपर्यंत जायला साधारण २० मिलिसेकंद लागतात. त्याहून उशीर झाला तर वाटेत बिघाड आहे, हे कळे. मोजण्याचं हे साधन उपचाराचं झालं ते वेळेच्याच हिशेबातून, आणि मला या कथेतला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. मज्जारज्जूला इजा झाली तरी पुष्कळदा काही तंतू शाबूत राहतात. त्यांचा आवाज क्षीण असतो, एवढंच. एका चेतापेशीचा संदेश पुढची पेशी पेटण्याच्या किंचित आधी वारंवार पोचला, तर दोघींमधला सांधा बळकट होतो, हा विचार डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडला होता. पिट्सबर्गला कॅरन बंडे आणि मोनिका पेरेझ यांनी तो मज्जारज्जूतल्या सांध्यावर लावून पाहिला. डोक्यावर चुंबकाचा ठोका, मनगटाच्या नसेवर विजेचा ठोका. दोन्ही अशा बेताने, की मेंदूचा संदेश मज्जारज्जूतल्या पेशीपाशी एक-दोन मिलिसेकंद आधी पोचावा. २०१२ साली त्यांनी निष्कर्ष छापले: स्नायूचा जोर वाढला, बोटांचं काम सुधारलं, आणि हा परिणाम ८० मिनिटांपर्यंत टिकला.

ऐंशी मिनिटांत आयुष्य सावरत नाही. म्हणून हेल्सिंकीच्या संशोधकांनी अशाच जोडठोक्यांची सत्रं कित्येक आठवडे चालवली. २०१६ मध्ये त्यांनी दोन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या हातपाय लुळे असलेल्या रुग्णाला पुन्हा वस्तू पकडता येऊ लागली. दोघांवरून उपचार सिद्ध होत नाही. शिवाय, मज्जारज्जू पूर्ण तुटला असेल, तर बळकट करायला तंतूच उरलेला नसतो. जिथे तो उरला आहे, तिथेही प्रत्येक रुग्णाच्या संदेशाचा वेग आधी वेगळा मोजावा लागतो आणि मगच दोन ठोक्यांमधलं अंतर ठरतं.